घरातला धंदा आणि एक अश्वशक्ती

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणाच्या मेळाव्यात शिलाई मशीनविषयी बोलणारा हा कसला मास्तर, असे आपणास वाटेल. परंतु आपल्या गारगोटीत कित्येक मुलांची फी, वह्या आणि एस. टी. चा पास घरातल्या त्या मशीनवरच निघतो. वर्गशिक्षकाला हे चांगले ठाऊक असते.

माझ्या वर्गातील एक मुलगी आठ-दहा दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या घरी चौकशीला गेलो. आई घरी गणवेश आणि ब्लाऊज शिवतात. मशीनला मोटर बसविलेली आहे. शेजाऱ्याशी पाण्यावरून बोलाचाली झाली आणि त्याने "राहत्या घरात धंदा करता, तक्रार देतो" असे सुनावले. त्या एका कार्यालयात विचारायला गेल्या. तेथील गृहस्थांनी एकही कागद न उघडता "घरात धंदा चालत नाही" म्हणून परत पाठविले. घरी येऊन त्यांनी मशीनवर चादर टाकली, आणि मुलगी आईबरोबर भांगलणीला जाऊ लागली. "सर, मशीन विकून टाकू काय?" असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. बी. ए., बी. एड. झालो, पण ज्या घरात राहतो त्या घराचा नियम कधी वाचला नव्हता. मग वाचला.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली. मुंबई महानगरपालिकेसारखी काही क्षेत्रे सोडली तर राज्यातील शहरे आणि प्रादेशिक योजनांची क्षेत्रे तिच्याखाली येतात. निवासी विभागात काय चालते याची यादी तिच्यात आहे, आणि त्या यादीत घरात पूर्वापार चालत आलेले उद्योग स्पष्ट लिहिले आहेत. शिलाई, भरतकाम, बटणे करणे ही त्यांची उदाहरणे. अटी अशा की काम घरच्या माणसांनी करावे, पगारी मजूर ठेवू नये, आणि मोटर वापरली तर सगळा भार मिळून एक अश्वशक्ती, म्हणजे पाऊण किलोवॅट, याच्या वर जाऊ नये. म्हणजे "घरात धंदा चालत नाही" हे वाक्यच चूक होते. त्या वाक्यापायी एका मुलीची शाळा बुडाली.

मुलांनो, एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हे तुम्ही विज्ञानात पाठ केलेले आहे. आता घरी जाऊन मोटरवरची पट्टी वाचा. घरगुती मशीनची लहान मोटर शंभर वॅटच्या आसपास असते. कारखान्यातली मोठी मशीन घेतली तर तिची मोटर अर्ध्या अश्वशक्तीचीही असते. अशा दोन बसतात, तिसरी बसत नाही. घरघंटीची मोटर बहुधा एक अश्वशक्तीची असते, म्हणजे तिच्या एकटीतच मर्यादा संपली.

खरी अडचण मात्र मजुराच्या अटीत आहे. ऑर्डर वाढली की गल्लीतली एखादी मुलगी हाताखाली घ्यावीशी वाटते, आणि तिला मजुरी दिली की आपण या सवलतीच्या बाहेर जातो. ही अट मला कडक वाटते. गरिबाने जरा डोके वर काढले की नियम त्याच्या आड येतो. परंतु शेजाऱ्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्या गल्लीत पिंजाऱ्याचा कापूस उडतो किंवा रात्री बारापर्यंत यंत्र खडखडते, तेथील म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्याच जिल्ह्यातील इचलकरंजीत राहत्या घराशेजारी यंत्रमाग चालतात. तेथल्या लोकांना हे सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल एवढीच मर्यादा दिली आहे. हा वाद आपल्याकडचाच आहे असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या खोल्यांत सिगार वळण्यास बंदी करणारा कायदा १८८५ मध्ये तेथील न्यायालयाने रद्द केला. माणसाला त्याच्याच घरात त्याचा व्यवसाय करण्यापासून असे अडविता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आता विजेचे पाहू, कारण भीती जास्त तिचीच आहे. घरगुती मीटरवर धंदा केला तर दंड होतो, हे आपण ऐकतो, आणि ते निराधार नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाखेरीज वापर आढळला तर दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात एक तरतूद होती, ती फार थोड्यांना माहीत आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला त्या आदेशाप्रमाणे घरगुतीच दर लागत असे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर रोज सहा तास, महिन्यात पंचवीस दिवस चालविली तरी सुमारे ५६ युनिट होतात. हिशेब वहीत करून पाहा. नवा दर आदेश निघाला की हे कलम त्यात पुन्हा पाहून घ्यावे, आणि बिले फाडू नयेत.

आपल्या तालुक्यातील बहुतेक घरे ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेत. घराची नोंद नमुना ८ मध्ये असते, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून घरपट्टी ठरविताना वापर निवासी की व्यापारी हे पाहिले जाते. उतारा काढून त्यात काय लिहिले आहे ते वाचा. रस्त्याकडची भिंत फोडून शटर बसवायचे असेल, तर आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. खोलीतले शिवणकाम आणि रस्त्यावरचे दुकान ही एक गोष्ट नव्हे. पापड, लोणची, बिर्याणीची ऑर्डर घेणाऱ्या भगिनींना २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी वेगळी लागते. उद्यम नोंदणी मोफत होते, जरूर करा. पण तो कागद म्हणजे घरात धंदा करण्याची परवानगी नव्हे. पुष्कळ लोक तो भिंतीवर लावून निर्धास्त होतात!

आणि कोणत्याही कार्यालयात तोंडी विचारू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. "कोणत्या नियमान्वये मनाई आहे ते कळवावे" एवढे एक वाक्य त्यात असू द्या. त्या माउलींचा अर्ज त्यांच्या मुलीनेच लिहिला; मी फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मनाईचे उत्तर आले नाही. मशीन सुरू झाली, मुलगी शाळेत आली.

परवा त्यांनी रस्त्यात थांबवून विचारले, "सर, बहिणीची मुलगी शिकायला आमच्याकडे राहिलीय, ती शिवायला बसली तर मजूर होते काय?" मी म्हणालो, "आपा, ती तुमच्याच घरी राहते, जेवते, तर माझ्या मते घरचीच. संध्याकाळी मजुरी घेऊन आपल्या घरी जाऊ लागली, तर मग नाही." पण हेही लिहूनच विचारा, असे मी त्यांना सांगितले आहे.