लडाखचे हिमस्तूप

लडाख म्हटलें कीं सपाटीवरील माणसाच्या डोळ्यांपुढें बर्फाचें साम्राज्य उभें राहतें. परंतु त्या बर्फाच्या देशांतील शेतकऱ्याला खरी ददात आहे ती पाण्याची. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंचीवर आहे आणि तेथें वर्षाकांठीं पडणारा पाऊस अवघा चार इंचांच्या आसपास. कोंकणांत आषाढांतल्या एखाद्या दिवशीं याहून अधिक पाऊस होतो. लडाखांत जव, गहूं, जर्दाळू जें कांहीं पिकतें, तें वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर.

पाणी मोजकें, म्हणून त्याची वांटणीहि काटेकोर. पुष्कळ गांवांत ‘छुरपोन’ नांवाचा गांवकरी नेमलेला असतो. कोणाच्या शेताला केव्हां पाणी द्यावयाचें हें तो ठरवितो. ओढ्याला पाणी केव्हां येणार याचा अंदाज बांधतां येत असे, तोंवर ही व्यवस्था सुरळीत चालली. आतां तोच अंदाज चुकूं लागला आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते. उंचावरील हिमनद्या भरपूर पाणी देऊं लागतात ती जूनमध्यें. मधले आठवडे निभावत ते खालच्या उतारांवर सांचलेल्या बर्फावर. तो बर्फ कमी पडूं लागला, लहान हिमनद्या मागें हटल्या, आणि ऐन पेरणींत ओढे कोरडे राहूं लागले. तेथील उन्हाळा तोकडा. पेरणी लांबली तर पीक पक्व होण्यापूर्वींच थंडी गांठते. कुलुम गांवचा ओढा आटत गेला, तेव्हां तेथील कुटुंबांना घरेंदारें सोडावीं लागलीं.

हिवाळ्यांत ओढ्याचें पाणी कोणाच्याहि उपयोगीं न पडतां वाहून जातें, हें चेवांग नोर्फेल या लडाखी इंजिनिअरांनीं हेरलें. १९८७ सालीं फुकत्से गांवीं त्यांनीं तें पाणी सावलीच्या जागीं वळविलें, दगडी बांधांनीं त्याचा वेग मंदावला आणि तें थरावर थर गोठूं दिलें. ही कृत्रिम हिमनदी गांवाजवळ व कमी उंचीवर असल्यामुळें खऱ्या हिमनदीच्या आधीं वितळे. २०१५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

सावलीची अट सोनम वांगचुक यांनीं २०१३-१४ च्या हिवाळ्यांत दूर केली. वरच्या ओढ्याचें पाणी नळानें खालीं आणावयाचें. उताराच्या दाबानें तें कारंज्यासारखें उडतें आणि कडाक्याच्या थंडींत पडतां पडतां गोठतें. पंप नको, वीज नको. असा जो बर्फाचा शंकु उभा राहतो, तो दिसावयास बौद्ध स्तूपासारखा. म्हणून त्याला हिमस्तूप म्हणतात. तेवढाच बर्फ जमिनीवर पसरला तर त्यावर ऊन फार पडतें. शंकूचा उघडा पृष्ठभाग त्या मानानें थोडा, म्हणून तो सावकाश वितळतो.

मात्र हिमस्तूप नवें पाणी निर्माण करीत नाहीं; हिवाळ्याचें पाणी पेरणीपर्यंत राखून ठेवतो, इतकेंच. मूळचा ओढाच आटला तर नळांत येणार काय? शिवाय संकट केवळ टंचाईच्याच रूपानें येतें असें नाहीं. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्रीं लेह परिसरांत ढगफुटी झाली. कोरड्या हवेसाठीं बांधलेलीं मातीचीं घरें वाहून गेलीं आणि दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

ज्या धुरानें जगाची हवा तापत आहे, त्यांत लडाखी चुलीचा वांटा नगण्य आहे. तेथील शेतकरी बुद्धीनें आणि श्रमानें बदलत्या ऋतूंशीं जमवून घेत आहे. त्याला तें किती काळ साधेल, हें मात्र दूरच्या शहरांतील आणि कारखान्यांतील धुरावर अवलंबून आहे.