कावेरीकाठची पाटी

कुंभकोणम एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. त्यामुळे मराठी कानाला ते नाव अगदीच परके नाही. मेलकावेरी हा त्याच गावाचा एक भाग. गणिती श्रीनिवास रामानुजन या गावात वाढले. कागद महाग पडे, म्हणून ते पाटीवर गणित मांडीत, कोपराने पुशीत आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत.

आज मेलकावेरीतील एखाद्या मुलाला संगणकाची आज्ञावली लिहावयाची झाली आणि घरी संगणक नसला, तरी उसन्या यंत्रावरचा ब्राउझर त्याला पाटीसारखा उपयोगी पडतो. ब्राउझर हे मुळात पाने वाचण्याचे साधन. त्यातील लिहिण्याची चौकट इतकी साधी, की तिच्यात ना ओळींना क्रमांक, ना चुकलेल्या कंसाची सूचना. मारैन हावरबेके या डच प्रोग्रॅमरने 2007 साली कोडमिरर रचून ही उणीव पुष्कळ भरून काढली. लिहिलेले चालविण्याचे काम बहुधा दूरच्या सर्व्हरवर होई. पुढे 2018 साली पायोडाइड आले आणि पायथन भाषेचा दुभाषीच ब्राउझरमध्ये येऊन बसला. यंत्रात काहीही बसवावे लागत नाही, ही सोय लहान नव्हे.

मात्र ही पाटी पुष्कळदा परक्याच्या घरी टांगलेली असते. क्लाउड9 हा असा नावाजलेला संपादक 2016 साली ॲमेझॉनने विकत घेतला आणि जुलै 2024 मध्ये नव्या ग्राहकांना त्याचे दार बंद झाले. हौशी मंडळींचा आवडता ग्लिच जुलै 2025 मध्ये लोकांच्या आज्ञावली चालविण्याचे थांबला. त्यात कोणाचे कपट होते असे नव्हे. दुकानदार दुकान आवरतो, तसेच ते.

पाटीवरून पुसलेले किती महाग पडते, हे रामानुजनांच्या वह्यांनीच दाखविले आहे. निष्कर्ष उरले, पण सिद्धता बहुतेक नव्हत्याच. ब्रूस बर्न्ट यांनी त्या वह्यांवर काढलेले पाच खंड पुरे व्हावयास 1985 पासून 1998 पर्यंतचा काळ लागला.

मायक्रोसॉफ्टने 2021 साली व्हीएस कोडची ब्राउझरमधील आवृत्ती खुली केली. क्रोम किंवा एजमध्ये ती आपल्याच यंत्रावरची फाइल उघडते आणि तिथेच जतन करते. आज्ञावली चालविण्याची सोय तिच्यात तुटपुंजी आहे. पण उठताना मुलाला आपले लेखन पेनड्राइव्हवर घालून घरी नेता येते.