पुन्हा आंघोळ, पुन्हा पूजा

स्तोत्रात एखादं अक्षर चुकलं की काय, म्हणून पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, पुन्हा पहिल्यापासून पूजा. त्यात हात जोडले की नेमका देवाबद्दलच अभद्र विचार! हे पाप नव्हे. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असू शकतो. श्रद्धेमुळे हा आजार जडतो असं नाही, तो श्रद्धाळू माणसाला श्रद्धेतच गाठतो. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात अशाच फेऱ्यात सापडले होते. कबूल केलेली पापंच पुन्हा पुन्हा कबूल करत. प्रायश्चित्तानं टोचणी घटकाभर थांबते, म्हणून तर सवय पक्की होते. उपचारात शंका तशीच ठेवून विधी टाळायला शिकवतात, गरजेप्रमाणे औषधंही देतात. असा त्रास असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला, मराठीतूनही बोलता येतं.