छोट्या उद्योजकाला वखार कोण देणार?

(ठाणे जिल्ह्यातील लघुउद्योजक व व्यापारी यांच्या स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



उद्योजकतेवर बोलताना भांडवल, बाजारपेठ आणि तंत्रज्ञान यांची चर्चा नेहमी होते. तयार माल ठेवायचा कोठे, हा प्रश्न मात्र क्षुल्लक समजून बाजूला सारला जातो. तो क्षुल्लक नाही, हे आपण अनुभवाने जाणता. घराच्या गॅलरीत खोकी रचलेली, सोसायटीच्या जिन्याखाली पोती ठेवलेली आणि त्यावरून शेजाऱ्यांशी रोजचा वाद, अशा अवस्थेत कल्याण-डोंबिवलीपासून बदलापूर-वसईपर्यंत कितीतरी उद्योग चालू आहेत. मागणी येते, पण माल साठवण्याची सोय नाही म्हणून ती नाकारावी लागते.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न गौण मानला नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात साहुकारांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. व्यापाऱ्यांना बोलावून आणावे, दुकाने-वखारींसाठी सोयीची जागा द्यावी, असा त्याचा आशय आहे. परकीय टोपीकरांना मात्र वखारीसाठी समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊ नये, असा इशाराही तेथेच आहे. वखार कोणाला आणि कोठे द्यायची, हा राज्यकारभाराचा विषय आहे, ही जाण त्यामागे दिसते. आज ती जाण कोठे आहे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भिवंडी आपल्या शेजारीच आहे.

यंत्रमागांचे हे गाव गोदामांचे आगर कसे झाले? मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती. म्हणून माल महापालिकेच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी होता, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि ग्रामपंचायत हद्दीतील जमीन तुलनेने स्वस्त होती. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली, वळ, दापोडे या गावांतील भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. त्यांतच लहान गाळेही होते, आणि छोट्या व्यापाऱ्याचे त्यावर भागत असे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. त्यामुळे भिवंडी ओस पडेल, असे अनेकांना वाटले होते. घडले उलटेच. पूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत लहान लहान डेपो ठेवत. नव्या करपद्धतीत त्याची गरज उरली नाही आणि मोक्याच्या ठिकाणी एकच विशाल गोदाम घेणे त्यांना परवडू लागले. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्याही आल्या. जमिनीच्या मालकालाही पंचवीस किरकोळ भाडेकरूंपेक्षा एक बलाढ्य भाडेकरू सोयीचा वाटू लागला.

शासनाचे धोरणही त्याच दिशेचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने मालवाहतूक व साठवणूक क्षेत्राला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. त्यामुळे या क्षेत्राला दीर्घ मुदतीचे कर्ज सुलभ झाले. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु गोदामासाठी त्यातील अट पाहा : किमान गुंतवणूक २५ कोटी रुपये आणि किमान क्षेत्र १ लाख चौरस फूट. ज्याला ५०० चौरस फूट हवेत, त्याच्यासाठी बांधणाऱ्याला यातून काय मिळणार? लहान गाळ्यांची टंचाई केवळ बाजाराच्या लहरीने आलेली नाही. लहान गाळा बांधण्यात कोणाचेच हित उरलेले नाही, हे तिचे खरे कारण आहे.

टंचाईत सापडलेला माणूस मिळेल ते पदरात पाडून घेतो, आणि तेथेच फसतो. म्हणून जागा पाहताना काही गोष्टींचा आग्रह सोडू नये.

पहिली गोष्ट मोजमापाची. दलाल सांगतो तो आकडा बहुधा बांधीव क्षेत्राचा किंवा त्याहूनही फुगवलेला असतो. आपण स्वतः टेप लावून आतली फरशी मोजावी. भाडे फरशीचे द्यावे लागते, पण माल उंचीतही मावतो. १० फूट उंचीच्या ५०० चौरस फुटांत ५ हजार घनफूट जागा मिळते. उंची १६ फूट असेल तर तीच ८ हजार होते. रॅकचा खर्च आणि छताखाली मोकळी सोडायची जागा वजा केली, तरी थोडे जास्त भाडे असलेला उंच गाळा अनेकदा स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट पावसाची. जुलै २००५ च्या महापुराने कल्याण, बदलापूर, भिवंडी या पट्ट्यात काय केले, ते आपण विसरलेलो नाही. गोदामाचे जोते रस्त्यापेक्षा किती उंच आहे, भिंतीवर पाण्याच्या जुन्या खुणा आहेत का, हे पाहावे आणि गावातील जुन्या माणसांना विचारावे. टेम्पो दारापर्यंत येतो का, हेही तेव्हाच पाहावे.

तिसरी गोष्ट कागदांची. सातबारा कोणाच्या नावे आहे, जमीन बिगरशेती आहे का, बांधकामाला परवानगी कोणाची आहे? भिवंडी परिसरातील ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. तेथे केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नये. अनधिकृत शेडवर हातोडा पडतो तेव्हा मालक नामानिराळा राहतो आणि भाडेकरूचा माल रस्त्यावर येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पाच वर्षांपर्यंतच्या करारावरील मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. तेवढ्यासाठी नोंदणी टाळणाऱ्या मालकापासून दूर राहिलेलेच बरे.

आणखी दोन कागद विसरले जातात. गोदामाचा पत्ता जीएसटी नोंदणीत जादा व्यवसायस्थळ म्हणून दाखवावा लागतो. विमा पॉलिसीतही तोच पत्ता हवा. पॉलिसीत नसलेल्या ठिकाणी माल जळाला, तर भरपाईची आशा धरू नये.

इतके करूनही एकट्याच्या ऐपतीत जागा बसत नाही, तेव्हा काय करायचे? एक मार्ग सार्वजनिक वखारींचा. केंद्रीय आणि राज्य वखार महामंडळे १९५७ पासून उभी आहेत. तेथे फक्त धान्य ठेवतात, हा गैरसमज आहे. इतर मालही घेतला जातो आणि शुल्क मालापुरते किंवा व्यापलेल्या जागेपुरते असते. मात्र त्या सर्वत्र जवळ नाहीत आणि रोज माल काढणाऱ्याला दूरची वखार परवडत नाही.

दुसरा मार्ग आपल्याच हातात आहे. पाच जणांनी मिळून अडीच हजार फुटांचे गोदाम घ्यावे. जो मालक ५०० फुटांसाठी दार उघडत नाही, तो अडीच हजारांसाठी बोलणी करतो. पण हे तोंडी विश्वासावर करू नये. एकाच्या नावे करार आणि बाकीचे पोटभाडेकरू, ही व्यवस्था धोक्याची आहे, कारण अशा करारांत पोटभाड्याला बहुधा मनाई असते. करारात पाचही नावे असावीत. जाळीने विभाग पाडावेत, प्रत्येकाची साठा-नोंदवही आणि विमा स्वतंत्र ठेवावा. पहारा, वीज आणि अग्निशमन यांचा खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावा. एखादा मध्येच बाहेर पडला तर त्याचा वाटा कोण उचलणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. मैत्री टिकवायची असेल तर हिशेब लिहिलेला बरा. पुढे सभासद वाढले तर सहकारी संस्थेचा विचार करावा. सहकार महाराष्ट्राला नवा नाही. तो साखर आणि दुधापुरताच राहावा, असे काही कारण नाही.

शासनाकडेही एक मागणी संघटितपणे गेली पाहिजे. लाख चौरस फुटांची सवलत राहू द्या, पण अशा गोदामाचा काही भाग लहान गाळ्यांसाठी राखून ठेवण्याची अट घाला. एमआयडीसीने १९६२ पासून कारखान्यांसाठी भूखंड दिले. आता उपनगरांच्या कडेला लहान साठवण-गाळ्यांची संकुलेही उभारावीत.

स्वावलंबनाच्या गोष्टी आपण उत्साहाने करतो. पण ज्या तरुणाने नोकरी न मागता चार जणांना काम दिले, त्याच्या मालावर छप्पर नसेल, तर त्या गोष्टींना अर्थ राहत नाही. म्हणून येथून जाण्यापूर्वी शेजारी बसलेल्या उद्योजकाला एवढेच विचारा : तुम्हाला किती फूट जागा हवी आहे? पाच उत्तरांची बेरीज झाली की गोदामाच्या मालकाकडे जाता येईल.