धुराची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिमणी म्हटले की आमच्या पिढीला रॉकेलचा दिवा आठवतो. आता लांज्यात बऱ्याच जणींच्या ओट्यावर विजेची चिमणी बसू लागली आहे. यंत्र कोणते घ्यावे यावर घरोघरी खल होतो. पण त्याचा पाईप कुठून न्यायचा हे गवंडी नि फिटर परस्पर ठरवतात. रोज फोडणी जिच्या नाकात जाते, तिला कोणी विचारीत नाही. म्हणून आज त्या पाईपाविषयीच बोलते.

विचार जुनाच आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. तिथल्या मगनचुलीत धग दोन-तीन भांड्यांखालून फिरवून उरलेला धूर धुराड्याने बाहेर सोडलेला असे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस आला, चुलीचा धूर कमी झाला. पण बांगडे तळताना उठणारी तेलाची वाफ गॅसने थांबत नाही.

आमच्या घरी पाईपाला तीन वाटा होत्या. पश्चिमेची भिंत ओट्यालगत, दोन फुटांत बाहेर. फिटरला तीच हवी होती. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा नि पाऊस त्याच भिंतीवर आदळतो. आत दाबणाऱ्या वाऱ्यापुढे पंखा काय करणार? पूर्वेला शेजारच्या काकूंची पडवी, तिथे दम्याने बेजार झालेले त्यांचे यजमान बसतात. आमच्या घरचा तळणाचा वास त्यांच्या छातीत का घालावा? उरली उत्तर, परसाकडची. सहा फूट पाईप आणि एक वळण. आमचे हे म्हणाले, "खर्च वाढेल." मी म्हटले, "वाढू दे. काकूंकडे रोज जायचे आहे." गवंड्याने गिलाव्याआधीच चिऱ्यात भोक पाडून दिले.

आता बारकावे सांगते. यंत्राचे तोंड सहा इंची असेल तर पाईप सहा इंचीच घ्या. चार इंची घेतला तर वाट निम्म्याहूनही कमी होते. पंखा ओरडतो आणि धूर घरातच राहतो. वळणे जितकी कमी तितके बरे. काटकोनाऐवजी पसरट वळण द्या. घड्यांचा अॅल्युमिनियमचा पाईप पुरता ताणून बसवा, लोंबता ठेवू नका. आडव्या पाईपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार हवा, नाहीतर आत साचलेले पाणी ओट्यावर ठिबकते. बाहेरच्या तोंडाला पावसाची टोपी आणि वाऱ्याने मिटणारी झडप लावा.

"माळ्यावर सोडा, कौलांतून जाईल," असेही सांगणारे भेटतात. चुलीचा धूर माळ्यावर जायचा नि वासे टिकायचे, हे खरे. पण तेलाची वाफ वाशांवर चिकटते, तिथे झुरळे जमतात, आणि ठिणगी पडली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. पाईपाविना चालणारी कोळशाच्या जाळीची यंत्रे मिळतात. ती वास थोडा धरतात, पण उष्णता आणि ओल घरातच परत सोडतात. आपल्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी कमी का येते?

एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. पंखा हवा बाहेर फेकतो, तितकी आत यायला हवी. दारे-खिडक्या घट्ट लावल्या तर तो मिळेल तिथून ओढतो. शेजारी पाणी तापवायची चूल, बंब किंवा गॅसचा गीझर असला तर त्याच्या धुराड्यातून विषारी वायू उलटा घरात येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तेव्हा समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवा. पंखा लावून धुराड्याशेजारी उदबत्ती धरा. धूर खोलीकडे परतला तर पंखा लगेच बंद करा आणि खिडकी आणखी उघडा. तरीही परतत असेल तर ती चूल नि पंखा एका वेळी चालवू नका.

चहानंतर ज्यांना आपल्या भिंती मोजायच्या असतील त्यांनी माझी मोजपट्टी न्यावी. मागच्या खेपेची अजून परत आलेली नाही, तीही शोधावी.