दऱ्या आणि दर्या

अहिल्यानगरच्या आमच्या डीटीपीवाल्याकडे विंडोज एक्सपीचा संगणक अजून चालतो. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर त्याची देखभाल थांबवली. तरी तो मोडीत निघालेला नाही, कारण माझ्या जुन्या कविता त्यातल्या जुन्या फाँटमध्ये आहेत. अशा फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेलं असतं. फाँट नसेल तर ‘आई’चीही गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. म्हणून जुन्या यंत्राचं इंटरनेट तोडा, फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि छापील प्रतीशी ताडून पाहा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर डोंगराच्या कवितेत समुद्र शिरायचा! यंत्र बंद पडण्याआधीच हे उरकायला हवं. नंतर फायली उरतील, कविता उरणार नाहीत.