युद्धाचा खर्च कोणाच्या माथी? : व्हिएतनाम आणि अमेरिकन लोकशाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



व्हिएतनाम युद्धाविषयी आपल्या चळवळीत जेव्हा बोलले जाते, तेव्हा ते बहुधा व्हिएतनामी जनतेच्या चिवट प्रतिकाराविषयी असते, आणि ते उचितच आहे. सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख सैनिक मृत्युमुखी पडले, असा अंदाज व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केला. त्या संहारापुढे अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक मृत ही संख्या लहान ठरते. तरीही आज मी अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणाविषयी बोलणार आहे. नियमित निवडणुका, स्वतंत्र वृत्तपत्रे आणि अधिकारसंपन्न काँग्रेस असलेल्या देशाला, १९६८ पासून बहुसंख्य नागरिक या युद्धाला चूक म्हणत असतानाही, ते आणखी पाच वर्षे का थांबविता आले नाही, हा लोकशाही समाजवाद मानणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात शोधतो : खर्च कोणी केला, आणि तो सोसला कोणी?

हिशेबाची सुरुवात १९६४ पासून करू. त्या वर्षीच्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि ऑगस्टमध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर सही केली. त्याच ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातातील कथित हल्ल्यांचा आधार घेऊन काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईचा मोकळा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशी मते पडली. विरोध करणारे दोघेच होते : वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला मुळात झालाच नव्हता, हे पुढे खुद्द अमेरिकेच्याच कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. एका महिन्यात अशी दोन युद्धे मंजूर झाली, आणि त्यांचा पैसा एकाच तिजोरीतून यावयाचा होता.

१९६५ अखेर व्हिएतनाममध्ये सुमारे १ लाख ८४ हजार अमेरिकन सैनिक होते. एप्रिल १९६९ मध्ये ती संख्या ५ लाख ४३ हजारांवर गेली. एवढ्या विस्तारासाठी करवाढ अटळ आहे, असा सल्ला जॉन्सन यांच्या आर्थिक सल्लागारांनी १९६५ च्या अखेरीसच दिला होता. जॉन्सन यांनी तो मानला नाही. कर मागितला तर काँग्रेसमध्ये युद्धावर खुली चर्चा होईल आणि पुराणमतवादी सदस्य समाजकल्याणाच्या योजनांना कात्री लावतील, ही त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. पण तिच्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे हिशेब झाकून ठेवणे हा होता. जानेवारी १९६६ च्या अंदाजपत्रकात १९६७ च्या आर्थिक वर्षाचा युद्धखर्च सुमारे १० अब्ज डॉलर धरला गेला. त्यासाठी जून १९६७ अखेर युद्ध संपेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्ष खर्च जवळजवळ दुप्पट झाला. त्याच काळात दारिद्र्यनिर्मूलनाच्या मुख्य कार्यालयाला वर्षाकाठी मिळणारी रक्कम २ अब्ज डॉलरच्या आत होती.

झाकलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या वाटेने वसूल होतो. १९६५ मध्ये दोन टक्क्यांच्या आत असलेली भाववाढ १९७० पर्यंत साडेपाच टक्क्यांच्या वर गेली. चलनवाढ हा असा कर आहे की ज्यावर कोणत्याही सभागृहात मतदान होत नाही आणि ज्याची झळ मालमत्ताधारकापेक्षा पगारदाराला व निवृत्तिवेतनधारकाला अधिक लागते. शेवटी जून १९६८ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार बसला, तोही प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांच्या आग्रहामुळे ६ अब्ज डॉलरची खर्चकपात पत्करून. जी कात्री टाळण्यासाठी लपवालपवी केली, ती अखेर चाललीच. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, त्यामागील कारणांमध्येही हा युद्धखर्च होता.

या दोन युद्धांमधील नाते सर्वांत स्पष्टपणे मांडले ते एका धर्मोपदेशकाने. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी दाखवून दिले की, गरिबांसाठीची योजना युद्धाच्या पोटात गडप होत आहे आणि लढावयास पाठविले जातात तेही गरीबच. प्रमुख वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली, नागरी हक्क चळवळीतील अनेक सहकारी दुरावले. बरोबर एक वर्षाने, मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले असता त्यांची हत्या झाली.

आता रक्ताचा हिशेब पाहू. सक्तीची लष्करभरती कागदावर सर्वांना सारखी होती. व्यवहारात महाविद्यालयात शिकणाऱ्यास सूट मिळे, आणि महाविद्यालयात जाणे हे घरच्या ऐपतीवर अवलंबून होते. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी भरतीच्या कसोट्या शिथिल करून, पूर्वी नाकारल्या गेलेल्या तीन लाखांहून अधिक तरुणांना सैन्यात घेतले, आणि या योजनेला गरिबांच्या उद्धाराचे नाव दिले. मतदानाचे वय बहुतेक राज्यांत २१ होते. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाला मरणाचा हुकूम देणाऱ्यांना निवडण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो १९७१ मध्ये मिळाला. मुष्टियोद्धा महंमद अली यांनी १९६७ मध्ये भरतीस नकार दिला तेव्हा त्यांचे विजेतेपद गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली ती १९७१ मध्ये.

या युद्धाची सावली आपल्यावरही पडली होती. दिल्लीत राजदूत असताना अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्रे लिहून व्हिएतनामच्या दलदलीपासून सावध केले होते. ते ऐकले गेले नाही. पुढे १९६६ च्या दुष्काळात भारत अमेरिकन गव्हावर विसंबून असताना जॉन्सन यांनी तो पुरवठा एकेका हप्त्याने, हात आखडून मंजूर केला. भारताच्या शेतीधोरणावर दबाव आणणे हा त्यामागील एक हेतू होता. व्हिएतनामवरील भारताच्या टीकेचा राग हेही एक कारण होते.

मित्रहो, कार्यकर्त्यांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांच्या जमावाने युद्धविरोधी निदर्शकांना मारहाण केली. यावरून श्रमिक युद्धाच्या बाजूचे आणि सुशिक्षित शांततेच्या बाजूचे, असे चित्र रूढ झाले. त्या काळातील जनमत चाचण्या उलट सांगतात : सैन्य मागे घ्यावे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण कमी शिकलेल्यांत अधिक होते. परंतु मुख्य कामगार महासंघाचे नेते जॉर्ज मीनी युद्धाचे समर्थक होते आणि विद्यार्थी चळवळीला कामगाराच्या दारापर्यंत जाण्याची वाट सापडली नाही. ज्याचा मुलगा आघाडीवर होता त्याला त्या युद्धाची निंदा ही आपल्या मुलाचीच निंदा वाटली. या दरीचा लाभ निक्सन यांनी ‘मूक बहुसंख्याकां’ना साद घालून उठविला आणि १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये जिंकली.

चळवळ निष्फळ ठरली असे मात्र कोणी समजू नये. जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे ठरविले त्यामागे ती होती. १९७१ मध्ये काँग्रेसने टोंकिनचा ठराव मागे घेतला, १९७३ मध्ये हिंदी चीनमधील लढाईचा पैसा रोखला आणि राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर मर्यादा घालणारा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून संमत केला.

पण राज्यकर्त्यांनीही धडा घेतला. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. ही शिफारस करणाऱ्या आयोगात मिल्टन फ्रीडमन होते. सक्तीची भरती हा तरुणांवर लादलेला छुपा कर आहे, असा त्या आयोगाचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्रदृष्ट्या तो बरोबर आहे, राजकीयदृष्ट्या अपुरा आहे. कर हटला, युद्ध राहिले. आणि ते आता ज्यांना नोकरीची, शिक्षणाच्या खर्चाची निकड आहे अशा थोड्या घरांच्या वाट्याला आले. मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले, त्यापूर्वी फेब्रुवारीत जगभर प्रचंड निदर्शने झाली होती. तरी मे महिन्यात, युद्ध चालू असताना, अमेरिकेत करकपातीचा कायदा झाला. खर्च कर्जातून भागविला गेला. बहुतेक मध्यमवर्गीय घरांतून ना मुलगा गेला, ना खिशातून पैसा. आणि अमेरिकन सैन्य तेथे २०११ पर्यंत राहिले.

यातून एक निष्कर्ष निघतो. नागरिकाला ज्या युद्धाचे बिल मिळत नाही, ते युद्ध त्याच्या संमतीने चालले आहे असे म्हणता येत नाही. म्हणून युद्धविरोध हा केवळ नैतिक आवाहनावर उभा राहू शकत नाही. सैन्यात कोणाची मुले जातात, खर्चासाठी कर लागतो की कर्ज, त्यापायी कोणत्या शाळेची आणि रुग्णालयाची तरतूद आटते, हे प्रश्न प्रतिनिधिगृहात मताला टाकावयास लावणे आणि तोच हिशेब गिरणीच्या फाटकापर्यंत, सैनिकाच्या घरापर्यंत सन्मानाने नेणे, हे काम समाजवादी कार्यकर्त्याचे आहे. अमेरिकेत किंग यांनी ते मेम्फिसच्या सफाई कामगारांमध्ये आरंभले होते. ते अपुरेच राहिले आहे.